पत्रा घालताय? आधी ओलीचा विचार करा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धन, दिवेआगरपासून मंडणगड, दापोलीपर्यंत घरांची कौलं उडाली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. पावसाळा तोंडावर, कौलं परतणारी माणसं मिळेनात, जुने वासे किडलेले, आणि माकडांचा उपद्रव तर बारमाही. लोकांनी पत्रा घातला. आधी गोठ्यावर, मग पडवीवर, मग सबंध घरावर. त्यात कुणाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. डोक्यावर छप्पर हवं होतं आणि पत्रा आठवड्याभरात चढतो.

पण पत्र्याखाली एक उन्हाळा काढला की माणूस हैराण होतो. मग कुणी थर्माकोल ठोकतो, कुणी चंदेरी बबल शीट लावतो, कुणी पीव्हीसीचं सीलिंग करून घेतो. दोन पावसाळ्यांत त्या सीलिंगवर काळे डाग पडतात, थर्माकोलच्या मागे उंदीर राहायला येतात, पत्र्याला आतून गंज धरतो. दहा-वीस हजारांपासून लाखभरापर्यंत गेलेला पैसा वाया जातो. कारण एकच. सगळा विचार उन्हाचा केलेला असतो, ओलीचा केलेलाच नसतो. विदर्भात किंवा सोलापुरात उष्णता अडवली की बरंचसं काम झालं. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या पट्ट्यात तेवढ्यानं भागत नाही. इथे पत्र्याखाली काहीही बसवण्याआधी पाणी कुठून येतं ते समजून घ्यावं लागतं. ते समजून घ्या, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

पावसाचं पाणी वरून येतं ते सगळ्यांना दिसतं. दुसरं पाणी हवेतून येतं. ३० अंश तापमानाच्या हवेत ओल पूर्ण भरलेली असेल तर एका घनमीटरमध्ये साधारण ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. तीच हवा २५ अंशांपर्यंत थंड झाली की तिला २३ ग्रॅमच पेलतात. उरलेलं सात ग्रॅम पाणी जवळच्या सगळ्यांत थंड वस्तूवर थेंब होऊन बसतं. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीचा हिशेब केला तर हे पाव लिटरच्या आसपास भरतं. आणि रात्री त्या खोलीतली सगळ्यांत थंड वस्तू म्हणजे पत्रा. भाताच्या तपेल्यावरचं झाकण उचललं की आतून थेंब ओघळतात ना, तसंच.

पत्रा किती थंड झाला की घाम धरतो? हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर पत्रा २६ अंशांवर आला की पुरे. आर्द्रता ९० टक्के असेल तर दोन अंशांचा फरकही पुरतो. कोकणात पावसाळाभर आर्द्रता याच घरात असते. पावसाची सर पडली की अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा क्षणात गार होतो आणि खाली माणसांच्या श्वासाची, चुलीवरच्या आधणाची, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ त्याला भिडते.

खरी फसगत पावसाळा संपल्यावर होते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आकाश निरभ्र असतं आणि हवेत ओल अजून भरपूर असते. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता उघड्या आकाशाकडे फेकत राहतो आणि पहाटेपर्यंत भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश थंड होतो. अंगणात उभ्या केलेल्या मोटारसायकलवर दव पडतं, तेच पत्र्याच्या खालूनही पडतं. घरमालकाला वाटतं पत्रा गळतोय. तो माणूस बोलावतो, सगळ्या स्क्रूंवर सीलंट मारून घेतो, आणि दुसऱ्या पहाटे अंथरुणावर पुन्हा थेंब.

गळती आणि घाम यांतला फरक ओळखणं अवघड नाही. गळती एका जागी असते, पावसाबरोबर सुरू होते आणि बहुधा स्क्रू, जोड किंवा रिजजवळ, म्हणजे आढ्याजवळ, सापडते. घाम सगळ्या पत्र्यावर बारीक थेंबांनी पसरलेला असतो, पाऊस नसतानाही पहाटे दिसतो, ऊन चढलं की नाहीसा होतो. हे तपासल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. गळती असेल तर आधी ती काढा. स्क्रूखालचे रबरी वॉशर उन्हानं तडकतात. ते बदलणं हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत टाळलं जाणारं काम आहे. गळक्या पत्र्याखाली थर बसवला की गळती दिसेनाशी होते, थांबत नाही, आणि पत्र्याला आधार देणारा लोखंडी पाइप आतल्या आत सडत जातो.

आता उन्हाचं. दुपारी पत्रा ६० अंशांच्या वर तापतो आणि ती धग खाली आपल्या डोक्यावर फेकतो. वरून पांढऱ्या, ऊन परतवणाऱ्या रंगाचे दोन हात दिले तर ही धग मुळातच कमी होते. छपराच्या रंगापासून सुरुवात करा असं मी सगळ्यांना सांगतो, कारण त्यात आत काही कोंडलं जात नाही आणि चुकलं तरी नुकसान थोडं होतं. त्यासाठी छपरांवर द्यायचा अ‍ॅक्रिलिक रंग घ्या. साधा चुना स्लॅबवर एक उन्हाळा काढतो, लोखंडी पत्र्यावर मात्र तो धरत नाही आणि पहिल्याच पावसात वाहून जातो. रंग मार्च-एप्रिलमध्ये, पत्रा घासून धुऊन, पूर्ण वाळल्यावर द्या. शेवाळावर दिलेला रंग शेवाळासकट उतरतो. जुना सिमेंटचा पत्रा असेल तर तो कोरडा घासू नका, कापू नका, भोकं पाडू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की कर्करोग होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्टपणे सांगितलं आहे.

जुनं कौलारू घर पावसाळ्यात सुसह्य वाटायचं त्यामागे कारण आहे. कौलांच्या सांध्यासांध्यातून हवा जायची, भाजलेली माती थोडी ओल शोषून घ्यायची आणि उन्हं आली की सोडून द्यायची, खाली पोटमाळा असायचा. पत्रा यातलं काहीच करत नाही. तो पाणी शोषत नाही आणि हवा सोडत नाही. म्हणून जे काम कौल न सांगता करत होतं ते आता आपल्याला ठरवून करून घ्यावं लागतं. वळचणीतून हवा आत यायला वाट हवी आणि आढ्यावरून बाहेर पडायला वाट हवी. गरम, ओली हवा वर चढते. वर वाट असेल तर ती निघून जाते, नसेल तर पत्र्याला चिकटून पाणी होते. आमच्याकडचे बरेच फॅब्रिकेटर रिज घट्ट बंद करतात आणि वळचणीला भिंत पत्र्यापर्यंत नेऊन सिमेंटनं बुजवतात. काम नीटनेटकं दिसतं, घरमालकही खूश होतो. त्या घरात पुढे कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते.

मात्र वाऱ्यानंच सगळं निभेल अशी आशाही धरू नका. बाहेरची हवाच ओलसर असते तेव्हा वारा फक्त आतली जास्तीची वाफ काढून नेतो. निरभ्र पहाटेचं दव चारही बाजूंनी उघड्या शेडमध्येसुद्धा पडतं. ते थांबवायचं असेल तर ओल्या हवेचा आणि थंड पत्र्याचा स्पर्शच होऊ द्यायचा नाही. इन्सुलेशनचं कोकणातलं पहिलं काम हे आहे. उष्णता अडवणं हे दुसरं.

या दृष्टीनं बाजारातला माल पाहू. सगळ्यांत उत्तम म्हणजे पफ पॅनेल. दोन पत्र्यांच्या मध्ये फोम कारखान्यातच भरलेला असतो, त्यामुळे हवा वरच्या थंड पत्र्यापर्यंत पोचतच नाही. महाग आहे, पण नवं छप्पर घालायचं असेल तर पत्रा, सीलिंग आणि त्यामागची सगळी मजुरी यांची बेरीज करून तुलना करा. कित्येकदा फरक वाटतो तेवढा राहत नाही. जोड मात्र सीलंट भरून नीट बंद झाले पाहिजेत.

थर्माकोल उष्णता छान अडवतो. एक इंचाचा थर साधारण दीड फूट विटेच्या भिंतीइतकं काम करतो. पण तो सुटा, फटी ठेवून पत्र्याखाली खोचला तर फटींतून ओली हवा वर जाते, पत्र्यावर पाणी होतं आणि ते थर्माकोलवर साचून राहतं. मुंग्या आणि उंदीर त्यात आनंदानं बिळं करतात. आणि थर्माकोल पेटतो. पेटलेले थेंब खाली गळतात, काळा धूर क्षणात खोली भरतो. चूल, बंब किंवा गॅसची शेगडी असेल त्या खोलीत उघडा थर्माकोल किंवा उघडा फोम कधीही लावू नका. इतरत्र लावायचाच असेल तर आग धरायला वेळ लागणारी प्रत मागा आणि खालून सिमेंट बोर्डासारखं काहीतरी न जळणारं आवरण द्या. विजेच्या वायरी थर्माकोलमध्ये दाबू नका. वायरचं प्लास्टिक त्याच्या संगतीनं ठिसूळ होतं. पाइपातून न्या.

चंदेरी बबल शीट सध्या सगळीकडे विकली जाते. तिची जाडी इतकी कमी की ती स्वतः फारशी उष्णता अडवत नाही. तिचं काम चकाकत्या बाजूनं होतं, आणि तेही त्या बाजूला मोकळी हवा असेल तरच. पत्रा आणि शीट एकमेकांना चिकटून बसवली किंवा चकाकीवर धूळ बसली तर त्या बाजूचा उपयोग संपला. तिच्या आणि पत्र्याच्या मध्ये दोन-तीन इंच जागा ठेवा आणि सगळे जोड अ‍ॅल्युमिनियमच्या टेपनं बंद करा. जोड उघडे राहिले तर वाफ तिथून वर जाणारच.

ग्लासवूल कोरडी असेपर्यंत चांगली. भिजली की तिचा उपयोग जातो आणि ती खाली लोंबते. कोकणात ती वापरायची तर खालच्या बाजूला फॉइल लावलेली, जोड टेप केलेली असलीच पाहिजे. किनाऱ्यालगतच्या साध्या घरात मी ती सुचवत नाही.

पीव्हीसी किंवा पीओपीचं सीलिंग हे इन्सुलेशन नव्हे, हे नीट लक्षात घ्या. ते धग थोडी कमी करतं, पण वरची पोकळी बंद करून टाकतं. ती पोकळी वळचणीला आणि आढ्याला उघडी ठेवली, तोंडांना बारीक जाळी लावली, तर सीलिंग उपयोगी पडतं. चारही बाजूंनी बंद केली तर वर काय चाललं आहे ते तुम्हाला सीलिंग कोसळेपर्यंत कळत नाही. चढून पाहता येईल असं एक झाकण सीलिंगला ठेवाच.

एसीबद्दल वेगळं बोललं पाहिजे, कारण मुंबई-पुण्याची मुलं गावच्या घरात एक खोली एसीची करून घेतात आणि तिथेच सगळ्यांत जास्त बिघडतं. खोली २० अंशांवर ठेवली की सीलिंगचा बोर्डही थंड होतो. वरच्या पोकळीत बाहेरची दमट हवा असते आणि तिला २६ अंशांची वस्तू दिसली तरी पाणी सुटतं. मग पाणी सीलिंगच्या वरच्या बाजूला धरतं, जिथे कुणाची नजर जात नाही. थंड देशांत वाफ आतून बाहेर जाते म्हणून तिथे वाफ अडवणारा पडदा आतल्या बाजूला लावतात. तिथली चित्रं पाहून आपल्याकडे तसंच केलं जातं. आपल्याकडे एसीच्या खोलीत वाफ बाहेरून आत येते. पडदा बाहेरच्या, म्हणजे गरम बाजूला हवा. तेव्हा अशा खोलीवर इन्सुलेशनचा जाड थर बोर्डाच्या वर टाका, त्याचं फॉइल पत्र्याकडच्या बाजूला ठेवा, जोड बंद करा आणि भिंतींना आतून प्लास्टिकचा वॉलपेपर लावू नका. एसी २५-२६ अंशांवर चालवा. जानेवारी २०२० पासून नव्या एसीचं मूळ तापमान २४ अंशांवर ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. त्याच्या खाली जायची कोकणात गरज पडू नये.

आता गोठा. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण माणूस तक्रार तरी करतो. गाईच्या अंगावर रात्रभर थेंब पडत राहिले तर ती काही सांगत नाही, दूध कमी देते. मोठी दुभती गाय श्वासातून आणि अंगातून दिवसाला दहा लिटरांहून अधिक पाणी वाफेनं बाहेर टाकते. शिवाय शेण-मुताची वाफ. चार जनावरांच्या बंद गोठ्यात रात्रीत किती पाणी पत्र्याला भिडत असेल त्याचा अंदाज करा.

उष्णतेचंही तसंच. जनावरांना होणारा उष्णतेचा त्रास मोजायला तापमान आणि आर्द्रता एकत्र धरून एक निर्देशांक काढतात. तो ७२ च्या वर गेला की संकरित आणि विदेशी गाईंचं दूध घटू लागतं. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता, म्हणजे आपल्याकडची साधी दुपार, हा आकडा ८३ च्या जवळ नेते. कोकण कपिला ही आपल्या मातीतली लहानखुरी गाय हे पुष्कळ सहन करते. बँकेचं कर्ज काढून आणलेली होल्स्टिन किंवा जर्सी संकरित गाय करत नाही. म्हशीला तर घामही कमी येतो.

गोठ्यात महागडं काही लागत नाही. छप्पर उंच घ्या, वळचणीला निदान आठ फूट मिळू द्या. आढ्यावर सलग फट ठेवा. गोठ्याच्या दर १० फूट रुंदीमागे २ इंच, हा गोठे बांधणाऱ्यांचा जुना हिशेब आहे. म्हणजे २० फुटी गोठ्याला ४ इंचांची फट. तिच्यावर उंच उचललेली टोपी बसवली की पाऊस आत येत नाही. पत्रा तीन फूट बाहेर काढा म्हणजे झड आत मारणार नाही. पावसाळ्यात चारही बाजूंना ताडपत्री बांधून गोठा पार कोंडून टाकायची आपल्याकडे सवय आहे. तसं करू नका. ताडपत्री खालच्या भागाला बांधा, वरचा दीड फूट उघडा राहू द्या. कोंडलेल्या गोठ्यात गेल्यावर डोळे चुरचुरतात तो अमोनिया असतो, आणि जनावर त्यात रात्रभर उभं असतं.

पत्राही पारखून घ्या. चकचकीत गॅल्व्हल्यूम पत्र्यावरच्या लेपात वजनानं ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम असतं. घरावर तो चांगला टिकतो, पण शेण-मुताच्या वाफेनं आणि ओल्या सिमेंट-चुन्याच्या स्पर्शानं त्याचा लेप खराब होतो. बंदिस्त गोठ्यासाठी खालूनही चांगला रंग दिलेला पत्रा घ्या. विकत आणलेले पत्रे पावसात एकावर एक रचून ठेवू नका. मधे पाणी शिरलं की चढवण्याआधीच त्यांवर पांढरा गंज येतो.

पत्र्याखाली सहा इंचांवर बांबूची तट्टी बांधली तर जनावरांच्या पाठीवर येणारी धग बरीच कमी होते. बांबू बोरिक-बोरॅक्सच्या द्रावणात मुरवलेला घ्या, नाहीतर भुंगा पीठ पाडतो. उन्हाळ्यात पत्र्यावर झाप किंवा गवत टाकतात तेही चालतं, फक्त मेअखेर काढून पत्रा झाडून घ्या. कुजलेलं गवत पत्रा खातं. भोपळा किंवा पडवळ चढवायचा तर त्याचा मांडव वेगळा करा, वेल थेट पत्र्यावर लोळू देऊ नका. गोठ्यात उघडी बबल शीट किंवा फोम मात्र लावू नका. पाखरं आणि कोंबड्या ते टोचून खातात.

गोठ्याच्या माळ्यावर पेंढा आणि शेडमध्ये भाताची पोती असतात. पत्र्याचा घाम त्यांवर ठिबकला की बुरशी धरते. बुरशीचा पेंढा खाऊन जनावरांच्या शेपट्या आणि खूर सडतात. तेव्हा पोती फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, पत्र्याच्या अगदी जवळ रचू नका. भात १४ टक्क्यांहून कमी ओलीचा असल्याशिवाय बंद शेडमध्ये भरू नका.

भिंतींबद्दल थोडक्यात. चिऱ्याची भिंत पुरेशी जाड असते, तिला काही चिकटवायची गरज नाही. पश्चिमेकडे सावली करा. पत्र्याच्याच भिंती असतील तर छपराचे सगळे नियम तिथेही लागू. आणि स्लॅबची गळती थांबवायला वर पत्र्याची शेड घातली असेल तर तिच्या बाजू बंद करून खोल्या काढू नका. उघडी राहिली तर तीच खालच्या घरासाठी उत्तम सावली आहे.

हे काम डिसेंबर ते मे या कोरड्या दिवसांत करा. ओल्या लाकडावर, दमट भिंतीवर थर चढवला की ओल आतच राहते. थोडाच पैसा असेल तर क्रम असा ठेवा: आधी गळती, मग आढ्याची आणि वळचणीची वाट, मग वरून पांढरा रंग. इन्सुलेशन त्यानंतर, आणि तेही आधी झोपायच्या खोलीवर. पुष्कळ घरांना पहिल्या तीन गोष्टींतच इतका फरक जाणवेल की चौथी एक-दोन वर्षं थांबू शकेल.

काम ठरवताना फॅब्रिकेटर किंवा सीलिंगवाल्या भाऊंना दरांच्या आधी दोन प्रश्न विचारा. यातून हवा कुठून येणार आणि कुठून जाणार? पत्र्याला घाम सुटला तर पाणी कुठे जाईल? हातात कागद-पेन्सिल द्या आणि काढून दाखवायला सांगा. ज्याला हे काढून दाखवता येत नाही, त्याला आगाऊ रक्कम देऊ नका.